चरा आणि टवका: नव्या गाडीच्या रंगाविषयी एक संवाद

मोटारगाडीच्या पत्र्यावरचा रंग हा तिच्या शोभेचा भाग मानला जात असला, तरी त्याचे पहिले काम पोलादाला हवा, पाणी आणि क्षार यांच्यापासून दूर ठेवण्याचे असते, आणि हे काम तो जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीत पार पाडतो. या पातळ आवरणाला दोन वेगळ्या प्रकारची इजा होते. कठीण कण घासत गेल्याने पृष्ठभागावर उमटणारी रेघ म्हणजे चरा, आणि खडा आदळल्याने रंगाचा कण उडून मागे राहणारी खोक म्हणजे टवका. दोन्हींची कारणे वेगळी, खोली वेगळी आणि परिणामही वेगळे. तरीही नवी गाडी घेणाऱ्याला विक्रीच्या टेबलावर जे उपाय सुचवले जातात, ते दोन्हींवर सारखेच चालतात असे सांगून विकले जातात. या गोंधळातून वाट काढायची तर दोन टोकांच्या भूमिका समोरासमोर ठेवणे उपयोगी ठरते.

पहिली भूमिका चिंचवडच्या बाजूला अनेक वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज चालवलेल्या काकांची आहे, आणि दुसरी त्यांच्या पुतणीची, जी रसायनशास्त्र शिकलेली आहे, पुण्यात नोकरी करते आणि गावी रत्नागिरीला वरचेवर गाडीने जाते. दोन्ही पात्रे प्रातिनिधिक आहेत. त्यांचे युक्तिवाद मात्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकू येतील असेच आहेत. काकांच्या मते रंग हा मार खाण्यासाठीच असतो, तो खराब झाला की दुरुस्त करता येतो, आणि त्याच्या रक्षणावर लाखभर रुपये घालणे हा खर्चाचा विपर्यास आहे. पुतणीच्या मते कारखान्यातला रंग गाडीला एकदाच मिळतो, म्हणून पहिल्या दिवसापासून संपूर्ण गाडीवर संरक्षक फिल्म चढवणे हाच शहाणपणा आहे.

“काका, रंग दुरुस्त होतो असे म्हणताना,” पुतणी सुरुवात करते, “दुरुस्त झालेला रंग आणि मूळ रंग एकच असतात असे तुम्ही धरून चालता. ते एकच आहेत का, हे आधी ठरवू या.”

तिचा प्रश्न मूलगामी आहे, कारण त्याचे उत्तर रंगाच्या रचनेत आहे. कारखान्यात गाडीचा उघडा सांगाडा, म्हणजे इंजिन, काचा, वायरी, आसने यांपैकी काहीही न बसवलेली बॉडी, आधी धुऊन तेलमुक्त केली जाते आणि तिच्यावर झिंक फॉस्फेटच्या सूक्ष्म स्फटिकांचा थर चढवला जातो, ज्यामुळे पुढचा रंग धातूला घट्ट धरतो. त्यानंतर संपूर्ण बॉडी राळेचे कण मिसळलेल्या पाण्याच्या मोठ्या टाकीत बुडवून तिला विजेच्या ऋण ध्रुवाला जोडतात, आणि विद्युत्प्रवाहाने ओढले गेलेले हे कण हात न पोचणाऱ्या पोकळ्यांतही सारख्या जाडीने बसतात. या थराला ई-कोट म्हणतात. त्याची जाडी सुमारे २० मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि तो भट्टीत १७० ते १८० अंश सेल्सियसच्या आसपास भाजला जातो. त्यावर सुमारे ३० ते ४० मायक्रॉनचा प्रायमर येतो, जो खड्यांचा आघात शोषण्यासाठी किंचित लवचीक ठेवलेला असतो; काही नव्या कारखान्यांनी हा वेगळा थर काढून त्याचे काम पुढच्या थरातच सामावून घेतले आहे. मग १२ ते २० मायक्रॉनचा बेसकोट, ज्यात डोळ्यांना दिसणारा रंग आणि धातूची चमक असते, आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअरकोट, ज्यात सूर्याची अतिनील किरणे शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. हे वरचे थर १४० अंशांच्या आसपास पुन्हा भाजले जातात.

काका ही सगळी साखळी जाणतात आणि ते आडपडदा ठेवत नाहीत. “गॅरेजमधल्या बूथमध्ये साठ अंशांच्या फार पुढे जाता येत नाही, कारण तोवर गाडीत वायरी, रबर, प्लास्टिक, टायर सगळे बसलेले असते. म्हणून तिथे हार्डनर मिसळलेला, कमी तापमानावर घट्ट होणारा रंग वापरावा लागतो. तो चांगला असतो, वर्षानुवर्षे टिकतो. पण ई-कोट पुन्हा देता येत नाही, हे खरे आहे. पूर्ण गाडी टाकीत बुडवायची सोय कोणत्याही गॅरेजकडे नसते.”

येथे पुतणीची बाजू भक्कम होते, आणि पुढच्या सर्व विचारासाठी हा मुद्दा पायासारखा धरावा लागतो. पत्र्यापर्यंत खरवडून रंगवलेला दरवाजा दिसायला नव्यासारखा असला, तरी त्याच्या आतले संरक्षण कारखान्याच्या तोडीचे राहत नाही. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात हे मोजलेही जाते: रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र पत्र्यावर टेकवले, की मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो, पुन्हा रंगवलेला भाग त्याहून बराच जास्त, आणि खाली पुट्टी भरलेली असेल तर आकडा कितीतरी पटींनी वाढतो. जपायची गोष्ट म्हणजे केवळ चकाकी नव्हे, तर हे मूळ थर.

परंतु याच विधानातून काकांचा पहिला प्रतिवाद निघतो, आणि तो पुतणीने अपेक्षिलेला नसतो. मूळ थर जपायचे असतील, तर ते ज्याने सर्वाधिक झिजतात त्याकडे आधी पाहायला हवे, आणि काकांच्या मते ती गोष्ट रस्ता नसून रोजचे फडके आहे. पहाटे सोसायटीत येणारा गाडी पुसणारा माणूस एका बादलीत आणि एकाच फडक्यावर ओळीने अनेक गाड्या उरकतो. बादलीचे पाणी दुसऱ्या-तिसऱ्या गाडीनंतरच गढूळ झालेले असते आणि फडक्यात अडकलेली धूळ पुढच्या प्रत्येक बॉनेटवर फिरते. दख्खनच्या पठारावरची धूळ बरीचशी बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पत्थराची, आणि त्यासोबत बांधकामांवरच्या वाळूची असते. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्स मापावर बेसॉल्टमधली खनिजे साधारण ५ ते ७ च्या दरम्यान येतात, वाळूतला क्वार्ट्झ ७ वर, आणि काच साडेपाचच्या आसपास. क्लिअरकोट हे शेवटी एक प्लास्टिक आहे आणि ते या सर्वांहून कितीतरी मऊ आहे. कोरडे फडके धुळीवर दाबून फिरवणे म्हणजे क्लिअरकोटवर सॅंडपेपर फिरवणेच होय. त्यातून उमटणारे चरे एकेकटे दिसत नाहीत, पण उन्हात किंवा दिव्याखाली त्यांच्या कडांवरून प्रकाश परावर्तित होतो आणि प्रकाशबिंदूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसू लागतात. गडद रंगावर, विशेषतः काळ्यावर, ती आधी नजरेत येतात. पांढऱ्या गाडीवर ती तेवढीच असतात, फक्त दिसत नाहीत.

“हे चरे पॉलिशने जातात ना?” पुतणी विचारते.

“जातात, आणि तिथेच नुकसान होते,” काका सांगतात. “रबिंग किंवा पॉलिश म्हणजे चरा भरणे नव्हे. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअरकोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणणे म्हणजे पॉलिश. दर वेळी काही मायक्रॉन जातात. वर्षातून दोनदा गाडी ‘नवी’ करून घेणारे लोक काही वर्षांत क्लिअरकोट इतका पातळ करतात, की मग छतावर आणि बॉनेटवर तो उन्हाने पांढरा पडून सुटायला लागतो.”

या उत्तरात एक महत्त्वाचा विचार दडलेला आहे, जो चकाकीच्या मागे लागणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही. क्लिअरकोट ही मर्यादित ठेव आहे. हलके चरे दिसायला वाईट असले, तरी ते पत्र्याला कोणताही धोका देत नाहीत. ते घालवण्यासाठी केलेले वारंवार पॉलिश मात्र अतिनील किरणांपासूनचे संरक्षण खर्ची घालते. म्हणून चरा होऊ न देणे हे चरा घालवण्यापेक्षा केवळ स्वस्तच नाही, तर रंगाच्या आयुष्यासाठी आवश्यक आहे. नखाने अडखळत नाही असा चरा सहसा क्लिअरकोटमध्येच थांबलेला असतो, आणि तो तसाच राहू देण्याने काहीही बिघडत नाही.

पुतणी येथे व्यवहाराची अडचण मांडते. तिच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, नळीने गाडी धुण्यास मनाई आहे, आणि गाडी पुसणाऱ्याचे उत्पन्न रोजच्या पुसण्यावर अवलंबून आहे. त्याला काढून टाकणे हा उपाय तिला अन्यायाचा वाटतो. काकांनाही तो तसाच वाटतो. त्यांच्या मते काम बदलावे, माणूस नव्हे. रोज फक्त काचा, आरसे आणि नंबरप्लेट पुसाव्यात, तेही गाडीसोबत ठेवलेल्या स्वतंत्र मायक्रोफायबर फडक्याने, आणि पत्र्याला आठवड्यातून एकदाच हात लावावा. त्या एका दिवशी बागेत औषध फवारायच्या हातपंपाने चार-पाच लिटर पाणी गाडीवर मारावे, म्हणजे सुटी धूळ घासण्याआधीच खाली वाहून जाते. मग दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूच्या पाण्याची आणि दुसरी फडके खळबळण्याची, जेणेकरून फडक्याने उचललेली धूळ शाम्पूच्या बादलीत परत येत नाही. वरून खाली धुवावे, कारण सर्वांत जास्त वाळू दरवाजांच्या खालच्या भागावर आणि चाकांजवळ असते, आणि चाकांचे फडके पत्र्याला कधीही लागू देऊ नये. शाम्पू गाडीचाच असावा. कपड्यांच्या पावडरीतला अल्कली वॅक्सचा थर उतरवतो. एवढे पाणी बादली-फडक्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा फार जास्त होत नाही, आणि गाडी पुसणाऱ्याचा महिना तोच राहतो.

बोअरवेलच्या पाण्याविषयी काका एक सावधगिरी जोडतात. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी ते जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, आणि उन्हात तापलेल्या बॉनेटवर असे पाणी वाळू दिले तर क्षारांचे गोल डाग क्लिअरकोटमध्ये रुततात. म्हणून गाडी सावलीत धुवावी आणि लगेच टिपून घ्यावी. पक्ष्यांच्या विष्ठेबाबतही घाई करावी लागते: उन्हाने मऊ झालेला क्लिअरकोट वाळलेल्या विष्ठेखाली विरूप होतो आणि गार झाल्यावर तसाच घट्ट राहतो, त्यामुळे मागे उरलेला निस्तेज ठसा धुण्याने जात नाही. ओले फडके काही मिनिटे त्यावर ठेवून ती मऊ करावी आणि मग उचलावी; कोरडी खरवडू नये, कारण तिच्यातही वाळूचे कण असतात.

कापडी बॉडी कव्हरबद्दल दोघांचे मत लगेच जुळते. उघड्यावर, धुळीच्या गाडीवर घातलेले कव्हर वाऱ्याने हलत राहते आणि रात्रभर घासते. कोकणात ते शिवाय दमटपणा कोंडून ठेवते. बंदिस्त जागेत, धुतलेल्या गाडीवर घातले तरच त्याचा उपयोग.

नव्या गाडीच्या पूजेचा विषय पुतणी स्वतःच काढते, कारण तिच्या आजीचा आग्रह बॉनेटवर हळद-कुंकवाचे स्वस्तिक काढण्याचा आहे आणि तो मोडायची तिची इच्छा नाही. काका त्याला विरोध करत नाहीत. ते एवढेच सुचवतात की स्वस्तिक धुतलेल्या बॉनेटवर, कोरडी पूड बोटाने घासून नव्हे तर पाण्यात कालवलेल्या गंधाने काढावे, आणि ते आठवडाभर उन्हात वाळू न देता त्याच संध्याकाळी पाण्याने भिजवून उतरवावे. झेंडूचा हार तारेत नव्हे तर सुती दोऱ्यात ओवलेला घ्यावा, कारण दसऱ्यानंतर गॅरेजमध्ये येणाऱ्या बॉनेटच्या चऱ्यांत तारेचे चरे सर्वांत खोल असतात.

यानंतर संवाद विक्रीच्या टेबलावरच्या उपायांकडे वळतो. गाडीच्या बिलासोबत जे ‘टेफ्लॉन कोटिंग’ विकले जाते, त्यावर रसायनशास्त्राच्या आधारे पुतणीच आधी बोलते. टेफ्लॉन, म्हणजे पॉलिटेट्राफ्लुरोइथिलीन हे बहुवारिक, सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, आणि तव्यावर त्याचा थर बसवण्यासाठी त्याहून जास्त तापमान लागते. हाताने चोळलेल्या पॉलिशमधून ते गाडीच्या रंगाशी एकजीव होण्याची शक्यता नाही. असे कोटिंग करून मिळते ती एक पॉलिश केलेली, वॅक्स लावलेली गाडी, आणि नव्या गाडीच्या बाबतीत ते पॉलिश अनावश्यक झीज ठरते.

“मग साधे वॅक्स?” काका विचारतात.

कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळते. ते पाणी झटकते, मळ चिकटू देत नाही, पण आपल्या उन्हापावसात त्याचा परिणाम काही आठवड्यांपुरताच राहतो. सिरॅमिक कोटिंग याच कामाचा अधिक टिकाऊ प्रकार आहे: सिलिकावर आधारित द्रव क्लिअरकोटवर लावले असता त्याचा काचेसारखा पातळ थर तयार होतो, जो पाण्याचे थेंब गोल करून पाडतो आणि रसायनांना बऱ्यापैकी दाद देत नाही. येथे पुतणी ज्या जाहिरातीला भुलली होती, तिच्यातल्या ‘९-एच कठीणपणा’ या शब्दांचा अर्थ उलगडणे आवश्यक आहे. ‘९-एच’ हे पेन्सिलचे माप आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात दाबून सरकवल्या असता कोणती पेन्सिल रंगाला इजा करते ते पाहण्याची ती कसोटी आहे, आणि तिचा खनिजांच्या मोह्स मापाशी काहीही संबंध नाही. पेन्सिलीच्या शिशाला हरवणारा थर बेसॉल्टच्या कणाला हरवतोच असे नाही. शिवाय या थराची जाडी सहसा एक-दोन मायक्रॉनच असते, त्यामुळे खड्याचा आघात शोषण्याची क्षमता त्याच्यात असूच शकत नाही. सिरॅमिकचा खरा फायदा अप्रत्यक्ष आहे: मळ कमी चिकटतो, म्हणून कमी घासावे लागते, म्हणून चरे कमी पडतात. टवक्यावर तो उपाय नाही, आणि तसे सांगून विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

उत्पादकांनीही क्लिअरकोट अधिक सहनशील करण्याचे प्रयत्न केलेले आहेत. मर्सिडीज-बेंझने २००३ च्या अखेरीस सूक्ष्म सिरॅमिक कण मिसळलेला क्लिअरकोट आणला, तर निस्सानने २००५ मध्ये ‘स्क्रॅच शील्ड’ नावाने उष्णतेने बारीक चरे आपोआप भरून येणारा लवचीक क्लिअरकोट जाहीर केला. दोन्ही मार्ग चऱ्यापुरते होते. टवक्याचा प्रश्न त्यांनी सुटला नाही, कारण तो वेगळ्याच भौतिकीचा प्रश्न आहे.

टवक्याकडे वळताना काकांचा स्वर बदलतो, कारण येथे त्यांना रस्त्यांबद्दल तळमळीने बोलायचे असते. महाराष्ट्रातले बहुतेक रस्ते बेसॉल्टच्या खडीचे असतात, आणि ही खडी कडक व तीक्ष्ण कडांची असते. डांबरीकरणानंतर नीट न दाबलेली सुटी खडी, न झाकता खडी वाहणारे डंपर आणि खड्ड्यांत तात्पुरती भरलेली खडी, या तिन्हींचा परिणाम मागून येणाऱ्या गाडीच्या बॉनेटवर दिसतो. खड्याची आघातशक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ६० किलोमीटरला जो खडा आदळतो, तोच ताशी १०० किलोमीटरला सुमारे पावणेतीन पट शक्तीने आदळतो, आणि ही सारी शक्ती खड्याच्या टोकाएवढ्या जागेत उतरते. पुढच्या वाहनाच्या टायरने उडवलेला खडा आपल्याकडे फेकला जातो असे वाटते, पण पुष्कळदा खडा हवेत असतो आणि मागची गाडी त्याच्यावर जाऊन आदळते.

“म्हणून अंतर,” काका म्हणतात. “एक मीटर उंच उडालेला खडा वर जाऊन खाली यायला सुमारे नऊ दशांश सेकंद घेतो. ताशी शंभरच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी पंचवीस मीटर जाते. पुढच्या डंपरपासून तीन सेकंदांचे अंतर ठेवलेस, तर ते ऐंशी मीटरांच्या वर होते, आणि बहुतेक खडे तोवर रस्त्यावर परत आलेले असतात. ही फिल्म फुकट आहे.”

पुतणीला हा हिशेब मान्य होतो, पण पूर्ण नाही. एकपदरी घाटात मागून दबाव असतो, समोरून येणाऱ्या ट्रकच्या चाकांतून उडणाऱ्या खड्यापासून कोणतेही अंतर वाचवत नाही, आणि त्या वेळी दोन्ही वाहनांचे वेग एकमेकांत मिळवले जातात. “काका, अंतर हा चालकाच्या हातातला उपाय आहे, पण रस्ता केवळ एका चालकाच्या हातात नसतो. म्हणून वर एक जाड, लवचीक थर हवा.”

ती ज्या थराबद्दल बोलते, तो म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, बोलीत पीपीएफ. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-खड्यांपासून वाचवण्यासाठी अमेरिकेत थ्री-एम कंपनीने विकसित केलेल्या फिल्मपासून तिचा उगम सांगितला जातो. आजच्या चांगल्या फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या, सुमारे १५० ते २०० मायक्रॉन जाडीच्या असतात. म्हणजे एकटी फिल्म गाडीच्या सगळ्या रंगाहून जाड असते. आघात झाला की ती दबते, शक्ती पसरवते आणि पुन्हा मूळ आकारात येते. तिच्या वरच्या थरातले हलके चरे उन्हाच्या उष्णतेने भरून येतात. या कामासाठी तिच्या तोडीचे दुसरे साधन नाही, हे काकाही नाकारत नाहीत. त्यांचा आक्षेप तीन गोष्टींवर आहे: संपूर्ण गाडीवर ती चढवण्याचा खर्च, बसवणाऱ्याचे कौशल्य आणि काही वर्षांनी ती काढण्याची वेळ.

यांपैकी दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फिल्म गाडीवरच ब्लेडने कापली गेली, तर ब्लेड क्लिअरकोटमध्ये आणि कधी त्याखालीही रेघ पाडते. जी गोष्ट रंग वाचवण्यासाठी केली, तिनेच गंजाला दार उघडले जाते. म्हणून संगणकावरच्या नमुन्यानुसार आधीच कापलेली फिल्म वापरणारा आणि कडा दरवाजाच्या आत वळवणारा कारागीरच निवडावा. फिल्म पीव्हीसीची किंवा स्वस्त पॉलियुरेथेनची असेल, तर ती उन्हाने पिवळी पडते. येथे पुतणीचा एक गैरसमजही दूर होतो: नव्या गाडीच्या रंगाला ‘सुकायला’ काही महिने द्यावेत, असे तिला सांगण्यात आले होते. भट्टीत भाजलेला कारखान्यातला रंग गाडी हाती येईपर्यंत पूर्ण घट्ट झालेला असतो. थांबावे लागते ते गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागावर, आणि अशा भागावरून पुढे फिल्म काढताना रंगही सुटून येण्याचा धोका असतो.

मग फिल्म कुठे? या प्रश्नावर काका एक असा भेद करतात जो विक्रेते करत नाहीत. बंपर प्लास्टिकचा असतो. त्याचा टवका वाईट दिसतो, पण तो गंजत नाही, आणि गरज पडल्यास पुष्कळ वर्षांनी बंपर वेगळा काढून रंगवता येतो. बॉनेटची पुढची कड, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, छताची पुढची पट्टी आणि चाकांमागचा दरवाजाखालचा भाग सहसा पोलादाचा असतो, आणि तिथला टवका पत्र्यापर्यंत गेला तर गंज सुरू होतो. पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर तो आधी स्वतः झिजून पोलादाला काही काळ वाचवतो, पण कोकणातल्या खारट, दमट हवेत हा काळ देशावरच्यापेक्षा बराच कमी असतो. रत्नागिरीला वरचेवर जाणाऱ्या गाडीसाठी हे मुद्दे पुण्यातल्या पार्किंगमधल्या शोभेपेक्षा जास्त वजनाचे आहेत. दरवाजाखालच्या भागावर आदळणारे खडे तर गाडीच्याच पुढच्या चाकांनी उडवलेले असतात, आणि त्यांना थांबवण्यासाठी काही शे रुपयांचे मडफ्लॅप पुरतात.

पुतणी येथे आपली भूमिका आवळते, पण सोडत नाही. संपूर्ण गाडीऐवजी पूर्ण बॉनेट, खांब, छताची पट्टी आणि आरसे यांवर फिल्म घ्यावी, आणि बंपरवरही घ्यावी, कारण सर्वाधिक मार तोच खातो आणि तिला तो बिघडलेला पाहवणार नाही. ही शेवटची अट सौंदर्याची आहे, आणि ती मान्य करायला हरकत नाही, असे या लेखाचे मत आहे; माणूस स्वतःच्या कष्टाच्या पैशाने घेतलेली वस्तू सुंदर ठेवू इच्छितो, यात उणे काही नाही. उणे आहे ते सौंदर्याचा खर्च संरक्षणाच्या नावाने विकण्यात. बॉनेटवर फिल्म घ्यायची तर कडेपुरती न घेता पूर्ण घ्यावी, हा तिचा आग्रहही योग्य आहे, कारण अर्ध्यावर संपणाऱ्या फिल्मच्या कडेला धूळ साचून आडवी रेघ दिसू लागते आणि काही वर्षांनी दोन्ही भागांच्या रंगात फरक पडतो. समोरच्या लोखंडी बुलबारचा पर्याय मात्र दोघेही बाजूला ठेवतात: केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये तो बेकायदा ठरवला, आणि पादचाऱ्याच्या जिवावर रंग वाचवणे कुणालाही शोभत नाही.

उरतो तो झालेल्या टवक्याचा प्रश्न, आणि येथे काकांच्या अनुभवाला पर्याय नाही. फिल्म असो वा नसो, काही टवके पडणारच. अशा वेळी आख्खे बॉनेट रंगवून घेणे ही सर्वांत मोठी चूक, कारण तिळाएवढ्या खोकीसाठी चौरस मीटरभर मूळ रंग घासला जातो. विम्यातून ते करून घेण्याचा मोहही महाग पडतो. दावा केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो, जो पहिल्या निर्दावा वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. त्याऐवजी टवका दिसल्यापासून काही दिवसांत, आणि पावसाळ्यात शक्य तितक्या लवकर, तो भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, लाल गंज दिसत असेल तर तो बारीक टोकाने खरवडून त्यावर गंजरोधक प्रायमरचा थेंब द्यावा, मग गाडीच्या रंगाच्या सांकेतिक क्रमांकाप्रमाणे घेतलेला टच-अप रंग काडीच्या टोकाने पातळ थरांत भरावा, प्रत्येक थर वाळू द्यावा, आणि शेवटी क्लिअरकोटचा थेंब ठेवावा. हा क्रमांक दरवाजाच्या खांबावर किंवा इंजिनाच्या कप्प्यातल्या पट्टीवर असतो. ब्रशने भरलेला ठिपका, विशेषतः मेटॅलिक आणि मोत्यासारख्या झाकेच्या रंगांत, जवळून वेगळा दिसतो.

“दिसू दे,” काका म्हणतात. “त्या ठिपक्याभोवती मूळ ई-कोट चारी बाजूंनी शाबूत आहे.”

पुतणी त्यावर विचारते की सात-आठ वर्षांनी फिल्म काढायची वेळ आली, तर ते काम कोण करणार. चांगली फिल्म गरम हवेने मऊ करून, पत्र्याशी लहान कोन ठेवून सावकाश ओढली तर मूळ रंगावरून सुटते, मागे उरलेला गोंद सौम्य द्रावकाने निघतो. वर्षे उलटून गेलेली, तडकलेली फिल्म मात्र तुकड्यांत येते आणि कारागीर घाईने पाते वापरतो. म्हणून उत्पादकाने दिलेल्या हमीच्या मुदतीपलीकडे फिल्म ठेवू नये आणि काढण्याचा खर्च लावतानाच हिशेबात धरावा, असे काका सुचवतात. पुतणी हे मान्य करते आणि फिल्मवाल्याकडे जाण्याआधी गाडीची रंगजाडी दहा-बारा ठिकाणी मोजून लिहून ठेवण्याचे ठरवते, म्हणजे पुढे कुणी पॉलिश किंवा रंगकाम केले तर किती मायक्रॉन गेले किंवा वाढले, हे तिला कुणाला विचारावे लागणार नाही.